हवेत थांबणाऱ्या बुटक्याची कैफियत

मी हवेत थांबणारं यंत्र बोलतोय. आता थांबत नाही म्हणा, अंगात तेवढा जोर उरलेला नाही. हॉलमधली माणसं मला बुटक्या म्हणायची. तुम्हीही म्हणा, मला राग येत नाही. राग यायलाही ताकद लागते.

शत्रूचं क्षेपणास्त्र आकाशात असतानाच गाठायचं आणि जाऊन त्याला धडकायचं, यासाठी आमची जात जन्माला आली. पोटात दारूगोळा नाही, काही नाही. नुसती टक्कर. धडकलं की तेही संपलं आणि आपणही. आमच्यात म्हातारपण कुणाच्या वाट्याला येत नाही. माझ्या आलं, कारण मी सरावाचा. मला कधी खऱ्या आकाशात सोडलंच नाही. माझं आकाश म्हणजे एक उंच छताचा हॉल, आणि खाली ताणलेली जाळी.

मला मांडणीवर ठेवायचे, पोटात इंधन भरायचे आणि सगळे काचेच्या खोलीत जाऊन बसायचे. मग माझ्या अंगावरची बारीक नळकांडी फुसफुसत पेटायची आणि मी वर उठायचो. वर जायचं आणि तिथंच थांबायचं, समोरच्या तापवलेल्या तबकडीवर नजर लावून. तबकडी सरकली की आपणही सरकायचं. इंधन संपलं की धपकन जाळीत. लोकांना वाटतं उडणं कठीण. अहो, उडणं सोपं. एका जागी थांबून एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवणं कठीण. कुठल्याही घरातल्या बाईला विचारा.

माझा डोळा ऊब बघतो. त्यामुळे मला नको नको ते कळायचं. कोण कुणाच्या खुर्चीतून आत्ताच उठलं, कोण ताप अंगावर काढून कामावर आलंय, रुसलेल्या दोघी किती अंतर ठेवून बसल्यात, सगळं दिसायचं. मला काय करायचंय दुसऱ्यांच्या भानगडीत? पण डोळाच तसा दिला, त्याला मी काय करू.

म्हणूनच हॉलमध्ये एक रीत होती. चाचणीआधी जाळीवाले काका मोठ्यानं ओरडायचे, "हॉल गार करा." मग दिवे बंद, हीटर बंद. कुणाच्या हातात चहाचा कप असेल तर तोही बाहेर. तबकडीखेरीज तापलेलं काही माझ्या नजरेस पडता कामा नये. काचेच्या खोलीचं दार लावलं की आतली माणसं मला दिसेनाशी व्हायची, कारण त्या काचेतून ऊब येत नाही.

माझा डोळा बसवला तो ताईनं. सगळे तिला ताईच म्हणायचे, तिच्याहून मोठे साहेबसुद्धा. तिची आई सरहद्दीजवळच्या गावात एकटी राहायची. तिथं भोंगे वाजायचे, माणसं जिन्याखाली जाऊन बसायची. ताई माझ्या अंगावरचे स्क्रू आवळता आवळता फोन बाजूला ठेवून आईशी बोलायची.

"आई, अर्धं गाव निघून गेलं. तू ये ना इकडे."

"मी कशाला हलू? माझी लेक आमच्या डोक्यावरचं छप्पर तयार करतेय की तिथं बसून."

"तयार होतंय गं. झालेलं नाही."

"होईल. गणिताच्या पेपरालाही अशीच रडायचीस, आणि मार्क घेऊन यायचीस."

ताई फोन ठेवायची आणि तो आवळलेला स्क्रू पुन्हा आवळायची. त्या म्हातारीचा माझ्यावर केवढा भरवसा. मला तर त्या भरवशाचंच ओझं व्हायचं.

मग शेवटच्या चाचणीचा दिवस आला. मी नीट थांबलो की माझ्यासारखी तयार होऊन पडलेली भावंडं लगेच सरहद्दीवर जाणार होती. पाहुणे आले. मोठी माणसं आली की चहा आलाच. काचेच्या खोलीत किटली खळखळत होती. दार लावलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. पण मुख्य पाहुण्यांना कोंडल्यासारखं व्हायला लागलं. जाळीवाले काका हॉल गार करून दार लावायला गेले, तर दार उघडं राहावं म्हणून पाहुण्यांनी मध्ये खुर्ची घातलेली. काका बिचकले. एवढ्या मोठ्या माणसाला दार लावा म्हणायचं कसं? दार तसंच उघडं ठेवून मागे फिरले.

मी उठलो, थांबलो. तबकडी सरकली, मीही सरकलो. साहेब मान डोलवायला लागले. आणि तेवढ्यात दाराच्या फटीतून ती किटली दिसली. जवळ होती, वाफाळत होती. माझी नजर घसरली. मी तबकडी सोडून दाराकडे निघालो, तसाच जाळीच्या कडेला आपटलो. एक नळकांडं चेपलं.

"चहाला निघाला वाटतं," पाहुणे म्हणाले. सगळे हसले. आत हसू, बाहेर मी उताणा.

पाहुणे गेल्यावर साहेब ताईला म्हणाले, "किटली आपली चूक. हॉल गार नव्हता, तर ती चाचणी धरायची नाही. आधीच्या सगळ्या चांगल्या झाल्यात. तू हो म्हण, माल उद्या निघेल."

"साहेब, वरून येणारं क्षेपणास्त्र हूल द्यायला पुढे चार तापलेले पत्र्याचे तुकडे सोडेल. तेव्हा आकाश गार करा म्हणून कोण ओरडणार? काका?"

काका भिंतीकडे बघत उभे राहिले.

"अगं, तुझी आई आहे तिथं. घाई तुलाच हवी."

"आई आहे म्हणूनच नाही म्हणतेय."

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "हिवाळा जाईल यात." ताई म्हणाली, "जाईल."

मग तिनं तिथंच, माझ्याजवळ बसून, आईला फोन लावला. "आई, माझ्यावर भरवसा ठेवून बसू नकोस. ते नाही जमलेलं. ऊठ आणि नीघ." म्हातारी म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. ताई हातमोज्यानं डोळे पुसत बसली. माझ्याच पायी ते सगळं.

त्यानंतर माझी नळकांडी काढून दुसऱ्याला लावली. डोळा उघडून तपासला, नवा घडवला. खरी ऊब कुठली आणि हूल कुठली हे आता माझ्या धाकट्यांना ओळखता येतं म्हणे. हिवाळा सरल्यावर ते सरहद्दीवर गेले. मला फाटकाजवळच्या खोलीत मांडून ठेवलंय, इथल्या लोकांच्या घरच्या मंडळींना दाखवायला.

परवा ताई आईला घेऊन आली. म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हाच का? ह्याच्यापायी मला दारोदार फिरावं लागलं."

"दारोदार?" ताईला हे ठाऊकच नव्हतं.

"मग? मीच गल्लीभर सांगितलं होतं, घाबरू नका, लेकीचं यंत्र येतंय. माझ्या शब्दावर बसले होते सगळे. मग मी एकटीच कशी निघणार? चपला घातल्या, एकेकाचं दार वाजवलं. म्हटलं, मी बोलले ते खोटं ठरलं, उठा."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार. शेजारीण म्हणाली, इतके दिवस फुशारक्या मारताना लाज नाही वाटली? मी म्हटलं, शिव्या वाटेत घाल, आधी बोचकं बांध."

ताईनं इतके दिवस टाळलेलं हळूच विचारलं, "आणि गल्ली?"

"क्षेपणास्त्र पडलं की. कोपऱ्यावरच. आपलं घर गेलं, शेजारणीचं गेलं, पलीकडचंही गेलं." म्हातारीनं पदरानं चष्मा पुसला. "रिकामी होती."

मी इतक्यांदा हवेत थांबलो, त्यातून एकही माणूस वाचलं नाही. चुकलो, आणि ते मान्य करायला दोन बायका धजावल्या, म्हणून गल्लीतली माणसं वाचली.

दमलोय आता. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी हातातलं काम खाली ठेवून म्हणालं की हे अजून जमलेलं नाही, तर त्याला हसू नका. त्याचं ऐका आणि चपला घाला.