लाइलवरचा न मिटलेला खटला

माझी थोरली बहीण आर्डिस हिने नवऱ्याला घराबाहेर काढायचं ठरवलं, तिथून हे सगळं सुरू झालं. बाहेर म्हणजे कायमचं नव्हे, सकाळपुरतं.

तिचा नवरा लाइल कुचेरा याने उभा जन्म ब्रेंडल गावच्या धान्यकोठारात वजनकाट्यावर काढला. निवृत्त झाला आणि थेट आर्डिसच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"मार्लिस, या माणसाने माझी पातेली आकाराप्रमाणे लावून ठेवलीत," आर्डिस मला फोनवर सांगत होती. "आणि आज मला अंडं कसं फोडायचं ते दाखवत होता. एक तर मी त्याला नोकरीला लावते, नाहीतर तुझ्या शेतावर पाठवून देते."

"नोकरीच बघ," मी म्हणाले.

शाळेच्या बसवर ड्रायव्हर हवा होता. अर्ज आर्डिसनेच भरला, सही तेवढी लाइलची घेतली. पण खरं सांगायचं तर त्याला ते मनापासून आवडलं. त्याला पोरं आवडतात, मोठी गाडी आवडते आणि गावातला एकूण एक कच्चा रस्ता त्याला पाठ आहे. गाडी चालवायची परीक्षा तो पहिल्या फटक्यात पास झाला. नवी टोपीसुद्धा घेऊन आला. आणि मग शाळेच्या ऑफिसातून फोन आला.

दुसऱ्या दिवशी दोघं माझ्याकडे हजर. आमच्या बाबांचं शेत मी सांभाळते. ते शेजारच्या टॅलबर्न काउंटीत आहे, आणि फोनचा संबंध याच काउंटीशी होता. लाइलचे कान लाल झाले होते. आर्डिस हसू दाबत होती.

"याच्या नावावर गुन्हा निघाला," ती म्हणाली. "आमच्या घरात गुन्हेगार आहे, आणि मी इतकी वर्षं त्याला त्याचे ते गोड पाव, कोलाचे, भाजून घालतेय."

"गुन्हा काय गुन्हा!" लाइल खुर्चीत बसत म्हणाला. "ती गोठ्याची भानगड. टॅलबर्नच्या शेरीफकडे आरोपाची नोंद आहे आणि कोर्टाच्या निकालाची नोंदच नाही म्हणे. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल आणा, मग बस देतो, असं म्हणतात."

गोठ्याची भानगड आम्हा तिघांनाही माहीत होती. किंबहुना तिच्यामुळेच आम्ही तिघं एकमेकांचे झालो. आमच्या शाळेची आणि ब्रेंडलच्या शाळेची फुटबॉलमध्ये जुनी खुन्नस, आणि त्यांच्या संघाचं नाव 'बैल'. एका रविवारी आम्ही सगळे चर्चमध्ये असताना ब्रेंडलच्या एका काटकुळ्या पोराने आमच्या गोठ्याच्या लाल भिंतीवर पुरुषभर उंचीच्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'ब्रेंडलचे बैल भारी'. पळून गेला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण कसं दिसतंय ते बघायला त्याने गाडी मागे घेतली आणि ती चिखलात रुतली. चर्चमधून परतलेल्या बाबांनी आधी ट्रॅक्टर लावून त्याची गाडी बाहेर ओढून दिली, त्याला कॉफी पाजली आणि मग शेरीफकडे नेऊन उभं केलं. बाबांचं नाव व्हिगो ऑस्टरगार्ड. ते कधी आवाज चढवत नसत, पण एकदा धरलेलं सोडतही नसत. न्यायाधीशाने लाइलला सांगितलं, की या माणसाचा अख्खा गोठा चारी बाजूंनी रंगवून दे, मग बघू. लाइल रंगवायला आला, आर्डिस त्याला पाणी द्यायला गेली, आणि पुढच्या जूनमध्ये त्यांचं लग्न झालं.

"मग निकाल लागलाच असेल की," मी म्हणाले. "जाऊन नक्कल घ्यायची, झालं."

आधी वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बघितलं. कोर्टाची नोंदवही आता इंटरनेटवर दिसते, पण अलीकडचीच. जुनं काही नाही. कोर्टात फोन लावला तर एक टेपवरची बाई बराच वेळ हे दाबा, ते दाबा सांगत राहिली आणि शेवटी स्वतः या म्हणाली. तेव्हा आम्ही माझ्या गाडीतून तिघं निघालो. पुढे बसून लाइल मला गाडी कशी चालवायची ते सांगत होता.

काउंटीचं कोर्ट आमच्या गावच्या चौकात आहे. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी टेसा वीब नावाची क्लार्क असते. तिने नाव, साधारण वर्ष आणि खटला कसला एवढं विचारलं.

"नातेवाईक असल्याचा काही दाखला वगैरे?" आर्डिसने विचारलं.

"कशाला? कोर्टाचं दप्तर सगळ्यांना उघडं असतं," टेसा म्हणाली. "फक्त ते सापडायला हवं."

जुन्या नोंदी मायक्रोफिल्मवर होत्या. टेसाने आम्हाला कोपऱ्यातल्या यंत्रासमोर बसवलं, रीळ लावून दिलं आणि चाक कसं फिरवायचं ते दाखवलं. आरोपींची नावं अक्षरांप्रमाणे लावलेली होती. लाइलने 'के' चं पान काढलं. कुचेरा नव्हता. आदलं वर्ष बघितलं, पुढचं बघितलं. कोंबडी चोरणारे होते, बिनपरवान्याने हरणं मारणारे होते, चर्चच्या सहभोजनात मारामारी करणारे दोन सख्खे भाऊ होते, ज्यांची नातवंडं आम्ही चांगली ओळखतो. कुचेरा नव्हता.

लाइल खूश झाला. "नाहीच सापडत! म्हणजे मी निर्दोष."

टेसा खिडकीतून म्हणाली, "न सापडलेल्या कागदावर मला शिक्का मारता येत नाही, मिस्टर कुचेरा."

मग आर्डिसला वाटलं, की त्या काळचा लिहिणारा आमच्यासारखाच डॅनिश असणार. चेक आडनाव त्याने कानाने ऐकून 'के' ऐवजी 'सी' ने लिहिलं असेल. तिने लाइलला खुर्चीतून उठवलं, 'सी' चं पान काढलं आणि थोड्या वेळाने टाळी वाजवली. "हा बघ! 'कूचीरा, लाइल'. लग्नाआधी हे नाव बघितलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते."

खटल्याचा नंबर मिळाला, पण फाइल तिथे नव्हती. जुन्या फायली मागच्या बंद तुरुंगात हलवल्या होत्या. टेसाने किल्ल्या घेतल्या आणि आम्हाला अंगण ओलांडून नेलं. कोठड्यांमध्ये आता खोकी रचलेली आहेत. दाराशी उभं राहून आर्डिस म्हणाली, "लाइल, आत जा. सवय करून घे."

"तू डबा घेऊन येशील ना?"

"दर रविवारी. पातेली तूच लावून ठेवलीयस, सापडतात आता."

टेसाने खोकं उतरवलं, फाइल काढली आणि खिडकीजवळ धरून वाचू लागली. वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या.

"हा खटला संपलेला नाही," ती म्हणाली. "चालू आहे."

"कुठला चालू? मी गोठा रंगवला होता!" लाइल म्हणाला.

"सगळा?" टेसाने विचारलं.

आर्डिसने आणि मी एकमेकींकडे बघितलं. आमच्या गोठ्याची उत्तरेची भिंत अजून नुसती करडी आहे. मक्याच्या बाजूला येते, रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून बाबांनी तशीच ठेवली असेल असं आम्ही समजत होतो.

"तीन बाजू केल्या," लाइल हळूच म्हणाला. "मग थंडी पडली. मग लग्न ठरलं. तुझे बाबा काही बोलले नाहीत, मी पण विषय काढला नाही."

"बोलले नाहीत असं नाही," टेसा म्हणाली. "कोर्टात बोलले." तिने फाइलच्या मागे टाचलेला पुठ्ठा आमच्यासमोर धरला. प्रत्येक वर्षी मक्याची कापणी झाल्यावर एक ओळ. 'फिर्यादी ऑस्टरगार्ड हजर. काम अपूर्ण. पुढची तारीख मागतो. मंजूर.' पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मध्ये न्यायाधीश बदलला, शाई बदलली, ओळ तीच. थेट बाबा गेले त्या वर्षापर्यंत. आणि एका ठिकाणी न्यायाधीशाने जास्तीचं लिहिलं होतं: 'मुलगी सुखात आहे का, असे विचारले. फिर्यादी म्हणाला, आजपर्यंत तरी आहे.'

आर्डिस इतकी हसली, की तिला कोठडीच्या गजांना धरावं लागलं. मलाही आवरेना. बाबा दर वर्षी कापणी झाली की चांगला शर्ट घालून केस कापायला म्हणून गावात जायचे. डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी जायचे.

लाइल मात्र हसला नाही. परतताना त्याने मला गाडी कशी चालवायची तेही सांगितलं नाही. माझ्या फाटकाशी आल्यावर म्हणाला, "दर रविवारी माझ्या शेजारी बसून जेवायचा हा माणूस. मला बटाटे वाढायचा. आणि दर वर्षी माझ्याविरुद्ध उभा राहायचा. माझ्यावर एवढासुद्धा विश्वास नव्हता?"

आर्डिसचं हसू थांबलं. ती मागच्या सीटवरून पुढे वाकली. "लाइल, बाबांना खटला जिंकायचा असता तर पहिल्याच वर्षी शेरीफ तुझ्या दारात आला असता. त्यांनी मुलगी दिली तुला. एक दोरी हातात ठेवली, बस. आणि ती कधी ओढली का?"

"सांगायचं तरी मला."

"सांगितलं असतं तर तू भिंत रंगवून मोकळा झाला असतास. मग ते कशासाठी गावात गेले असते?"

लाइल खाली उतरला, गोठ्याला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला गेला आणि बराच वेळ त्या करड्या भिंतीसमोर उभा राहिला. आम्ही दोघींनी आत जाऊन कॉफी ठेवली. मला वाटत होतं, आता तो बस, नोकरी सगळंच सोडून देणार.

सकाळी मी उठले तर बाहेर खरवडण्याचा आवाज. लाइल शिडीवर. लाकडाचे जुने पापुद्रे काढत होता. खाली लाल रंगाचे डबे आणि आर्डिस, तिच्या हातात पाण्याचा तांब्या.

"मी आलेय ते देखरेखीला," ती मला म्हणाली. "फिर्यादीची वारस आहे मी."

"वारस मीपण आहे," मी म्हणाले आणि माझी खुर्ची बाहेर आणली. मग आम्ही दोघींनी मिळून त्याला जे काही सुनावलं! वर राहिलं, खाली ओघळ आला, कोपरा सुटला. पहिल्या दिवशी तो नुसता हुं हुं करत होता. दुसऱ्या दिवशी उलट बोलायला लागला. तिसऱ्या दिवशी शिडीवरून गाणं म्हणत होता, तेही ब्रेंडलच्या शाळेचं.

टेसाने खटला तारखेला लावला. हल्लीच्या न्यायाधीश अॅम्सबरी बाई आम्हा सगळ्यांहून पुष्कळ लहान आहेत. त्यांनी फाइल उघडली, मागचा पुठ्ठा वाचला आणि रुमालाने तोंड पुसण्याचं निमित्त करून जरा वेळ घेतला. सरकारी वकिलाने उठून सांगितलं, की हा गुन्हा त्याच्या जन्माआधीचा आहे आणि फिर्यादी पक्षाचं समाधान झालं असेल तर सरकारचं काही म्हणणं नाही.

"फिर्यादी पक्ष?" बाईंनी विचारलं.

आम्ही दोघी बहिणी उभ्या राहिलो.

"काम पूर्ण झालं?"

"झालं," मी म्हणाले. गोठ्याचे फोटो पुढे केले.

"तुमचं समाधान?" त्यांनी आर्डिसला विचारलं.

आर्डिसने वेळ घेतला. लाइल मान वळवून तिच्याकडे बघायला लागला. वकीलही बघायला लागला.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "पुढची तारीख मिळेल का?"

कोर्टात हशा पिकला. लाइलने कपाळाला हात लावला. पण न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि गंभीरपणे विचारलं, "कशासाठी हवी?"

आता आर्डिसचीच पंचाईत झाली. ती लाइलकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नको. माणूस चांगला आहे. बाबांनाही ते माहीत होतं. सोडून द्या त्याला."

आरोप रद्द. टेसाने तिथल्या तिथे नक्कल काढली, शिक्का मारला, सही केली. नाव मात्र तेच राहिलं, 'कूचीरा', आणि ते दुरुस्त करायला वेगळा अर्ज लागतो असं कळल्यावर लाइल म्हणाला, की असू दे, हा कूचीरा कोण होता ते मला ठाऊक आहे.

कोर्टाबाहेर बाकावर बसून आम्ही आर्डिसने आणलेले जर्दाळूचे कोलाचे खाल्ले. लाइलने नक्कल दोनदा वाचली, घडी करून टोपीत ठेवली. मग म्हणाला, "उत्तरेची बाजू एवढी लाल झालीय, की बाकीच्या तीन फिक्या दिसतात. दक्षिणेपासून धरतो."

"कोर्टाने सांगितलेलं नाही," आर्डिस म्हणाली.

"म्हणून तर," लाइल म्हणाला.

सोमवारी त्याला बस मिळाली. त्या आठवड्यात दाट धुकं होतं. मी फाटकाशी टपाल घ्यायला गेले तर पिवळे दिवे लुकलुकत आले. ब्रेंडलची बस एरवी इकडे येत नाही. पण काउंटीच्या हद्दीवरची एक मुलगी तिकडच्या शाळेत जाते, तिला घ्यायला लाइल इथून वळतो. बस थांबली, दार उघडलं. आत पोरांचा गलका चालला होता.

"मार्लिस!" लाइल ओरडला. "यातली निम्मी आडनावं मी त्या रिळावर बघितली. कुणाचा आजोबा कोंबडीचोर होता ते विचारतायत. सांगू का?"

"खबरदार!" मी म्हणाले.

"ऐकलंत ना? हिला माहीत आहे," त्याने मागे वळून पोरांना सांगितलं आणि दार लावून बस काढली.