मागची बाजू तेवढी उघडा

या मित्रांनो, चपला बाहेर काढा आणि माझ्या भिंतीपाशी सरकून बसा. कीर्तनाला बसतात तसे, मांडी घालून. एक काम इतके लहान होते की ते कुणी हातातच घेत नव्हते. त्या कामाची गोष्ट आज मी तुम्हाला सांगणार आहे.

मी एक जुनी सागवानी फ्रेम आहे. हैदराबादेत, नल्लकुंट्याच्या एका घरात, देवघराच्या दाराशेजारी मी टांगलेली असते. एकसष्ट साली नामपल्लीच्या एका कारागिराने मला घडवले. चार पट्ट्या तिरप्या कापून कोपऱ्यांत जोडल्या. आतल्या खाचेत काच बसवली, काचेला अगदी भिडवून फोटो ठेवला, फोटोमागे पुठ्ठा, पुठ्ठ्याभोवती बारीक खिळे आणि सगळ्यावर खाकी कागद. झाले! माझी पाठ त्या दिवशी बंद झाली ती पस्तीस वर्षे उघडली नाही.

फोटो होता हणमंतरावांचा. ते शाळेत गणित शिकवायचे आणि रामनवमीला मोहल्ल्यातल्या देवळात कीर्तन करायचे. त्यांचा हा एकच फोटो, तोही भर कीर्तनात काढलेला. डोक्याला पगडी, हातात चिपळ्या आणि तोंड उघडे. फोटोग्राफर ओशाळून म्हणाला होता, "तोंड मिटल्यावर घ्यायला पाहिजे होता, चुकलं." हणमंतराव हसले. "मिटलेलं तोंड दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं असतं," म्हणाले.

पुढे ते गेले. तेव्हापासून त्यांच्या पत्नी, भामाबाई, रोज आंघोळ करून यायच्या, ओल्या फडक्याने माझी काच पुसायच्या आणि हणमंतरावांच्या कपाळावर, म्हणजे काचेवर, गंधाचे बोट टेकायच्या. पुसताना गुणगुणायच्या. आलेले पाहुणे म्हणायचे, "काय चकचकीत ठेवलाय हो फोटो!" मलाही अभिमान वाटायचा. खोटे कशाला सांगू?

पण मित्रांनो, काचेवरून ओघळलेले पाणी कुठे जाते, हे पाहुण्यांना दिसत नाही. ते माझ्या खालच्या खाचेत उतरायचे. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. मागे पुठ्ठा, पुढे काच, वर खाकी कागद. पुठ्ठा फुगला, खिळे गंजले. एका पावसाळ्यात हणमंतरावांची पावले काचेला चिकटली आणि तिथून एक तपकिरी डाग वर चढू लागला. मी तो रोज पाहत होते, अंगावर सोसत होते, पण सांगणार कशी? मला तोंड नाही. ज्यांना आहे, तेही माझ्याबरोबर काचेआड कोंडलेले.

पंचाण्णव-शहाण्णवचा तो काळ होता. घरात केबल आली होती, रस्त्यावर नव्या गाड्या दिसत होत्या. भामाबाईंचा मुलगा श्रीकांत ऑफिसातून येऊन सांगायचा, बाजार खुला झालाय, आता सगळं मिळतं. एके दिवशी त्याची मुलगी मानसी माझ्यासमोर उभी राहून ओरडली, "अज्जी, जल्दी ये! आजोबांचे पाय गेले!"

भामाबाई चष्मा लावून आल्या. डाग धोतरावरून वर सरकून चिपळ्यांजवळ पोचला होता. त्यांनी डागाशेजारी काचेवर बोट ठेवले.

"श्रीकांत, हा तोंडापर्यंत गेला तर माझ्याजवळ काय राहील रे?"

श्रीकांतने मला जुन्या चादरीत गुंडाळले आणि मोठ्या रस्त्यावरच्या एका नव्या दुकानात नेले. तिथे थंड हवा होती. भिंतभर सोनेरी, चंदेरी फायबरच्या पट्ट्यांचे तुकडे लटकत होते. काउंटरवरच्या माणसाने मला उलटसुलट करून पाहिले.

"पूरा फ्रेम नया करवाओ साब. पुराने का काम हम नहीं लेते."

"नवी फ्रेम नको. मागून उघडून फोटो वाळवा, एवढंच पाहिजे."

"एवढंच काम करायला एवढं मोठं दुकान नहीं खोला साब," तो अर्धे मराठीत बोलला आणि हसला. मग मला काउंटरवरून बोटांच्या टोकांनी श्रीकांतकडे ढकलले.

दुसऱ्या दुकानानेही तेच सांगितले. मी चादरीत परतले. अंधार होता, आणि त्या अंधारातही डाग थांबला नव्हता.

तिसऱ्या खेपेला श्रीकांतला बरोबर घेऊन भामाबाई स्वतः निघाल्या. गौलीगुड्याच्या गल्लीत यादगिरी नावाच्या कारागिराचे दुकान होते. दुकान कसले, दोन फळ्या आणि एक टेबल. पण तिथेही पाटी होती, दुरुस्ती बंद. यादगिरी पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, बोटांवर काचेचे जुने ओरखडे.

"नक्को अम्मा," तो मला न उघडताच म्हणाला. "छोटा काम नहीं करतूं. पिछले साल एक फोटो खोला, पुराना था, फट गया. वो लोगां गल्ली में खड़े रहके गाली दिए. काम आधा रहता अम्मा, जिम्मेदारी पूरी रहती."

मला त्याचा राग आला नाही मित्रांनो. त्याचे खरेच होते. नवीन फ्रेम करणाऱ्याने आपले लाकूड, आपली काच, आपला जोड वापरलेला असतो. जुने उघडणाऱ्याला दुसऱ्याच्या चुका हातात घ्याव्या लागतात.

भामाबाई फळीवर टेकल्या. "यादगिरी, ह्यांच्या कीर्तनात मागे एक पोस्टमन उभा राहायचा. दासप्पा. सगळं कीर्तन ह्यांचंच. पण ह्यांचा दम संपला, की तो मागून झील धरायचा. एक ओळ. तेवढी उचलली, की हे पुढे जायचे. त्यानं कधी म्हटलं नाही की मला पूर्ण कीर्तन द्या, नाहीतर मी गात नाही."

"और उसका सुर बिगड़ा तो?"

"तर लोक ह्यांना नावं ठेवायचे."

"देखो! इधर उल्टा है. बिगड़ा तो मेरेकूच गाली."

"मी नाही देणार शिवी. पोस्टमनला दिली नाही कधी, तुला देऊ?"

यादगिरीला हसू आवरले नाही. त्याने चादर बाजूला केली आणि बराच वेळ फोटो पाहिला. "मुँह कायकू खुला है इनका?"

"गात होते."

"क्या गारे थे?"

भामाबाईंनी एक ओळ गुणगुणली. भर बाजारात, रिक्षांच्या भोंग्यांत, हलक्या आवाजात. ती संपेपर्यंत यादगिरी हलला नाही. मग त्याने कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"सिर्फ पीछे से खोलतूं. कांच को हाथ नहीं लगातूं, चिपका सो फोटो नहीं खींचतूं. सुखाके बंद करतूं. इससे ज्यादा बोलना नक्को."

"तेवढंच पाहिजे बाबा."

खाकी कागद फाटला. गंजलेले खिळे एकेक करून निघाले. पुठ्ठा बाजूला झाला आणि पस्तीस वर्षांनी माझ्या पाठीला हवा लागली! कसे सांगू तुम्हाला? गर्दीच्या मंडपातून अंगणात आल्यावर माणूस छाती भरून श्वास घेतो ना, तसे.

यादगिरीने चाकूच्या टोकाने माझी खालची खाच खरवडली. आतून पिवळट पापुद्रे निघाले. थरावर थर. त्याने एक बोटावर घेऊन हुंगला. चंदन. त्याने मान वर करून भामाबाईंकडे पाहिले. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटावर सकाळचे गंध अजून वाळलेले होते.

श्रीकांतलाही ते दिसले. "म्हणजे आईच रोज..." तो बोलू लागला.

"साब, वो रद्दी पेपर दो इधर," यादगिरी एकदम मोठ्याने म्हणाला आणि ते पापुद्रे कागदात गुंडाळून त्याने टेबलाखाली टाकले.

तीन दिवस मी त्या टेबलावर पाठ उघडी टाकून पडून होते. डाग चिपळ्यांशी थांबला. चिकटलेला भाग यादगिरीने तसाच राहू दिला, कोरडा नवा पुठ्ठा लावला, हवा जायला खाली दोन बारीक फटी ठेवल्या. न्यायला भामाबाई आल्या तेव्हा त्याने मान खाली घालून सांगितले,

"अम्मा, एक बात. मेरा काम थोड़ा कच्चा है. पानी नहीं सहता. आज से गीला कपड़ा बंद, गंध भी बंद. सूखे कपड़े से पोंछना."

"अगं बाई! गंधसुद्धा नाही? कच्चं काम करतोस आणि वर सांगतोस?"

"हौ अम्मा. जैसा आता वैसा किया."

भामाबाईंनी वचन पाळले. शिवी दिली नाही. पण नल्लकुंट्यात विचारणाऱ्या प्रत्येकाला त्या भोळेपणाने सांगत राहिल्या, "माणूस फार भला, पण हात कच्चा हो त्याचा. पाणी लागू देत नाही." ते ऐकून शेजारच्या दोन घरांनी आपल्या तसबिरी नव्या दुकानात नेल्या. मी भिंतीवरून सगळे ऐकत होते. खरे काय ते मला ठाऊक होते, आणि माझी पाठ पुन्हा बंद झालेली होती.

हणमंतरावांचे तोंड आजही उघडे आहे. पावले गेली, चिपळ्यांचे टोक गेले, गाणे राहिले. भामाबाई कोरड्या फडक्याने पुसत राहिल्या आणि गंधाचे बोट खालच्या भिंतीला टेकत राहिल्या. आपण पतीचा फोटो जपला, याच समाधानात त्यांनी डोळे मिटले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना ओले फडके लावू नका. मोठे झाल्यावर तुमच्यातल्या कुणी दुकान टाकलेच, तर लहान काम घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाला दारातून परत पाठवू नका. आणि रात्री देवासमोर हात जोडाल, तेव्हा गौलीगुड्याच्या यादगिरीची एकदा आठवण काढा. त्याचा हात कच्चा नव्हता.