सासूबाईंची माती

कझायाने चुलीवरची इस्त्री उचलली आणि नवऱ्याच्या पांढऱ्या झग्यावर आपटली. झगा केव्हाच कडक झाला होता, तरी ती एकाच बाहीवरून हात चालवत राहिली. पलीकडच्या खोलीत तिची आई पेटीत निजली होती.

"आज हा लागणार नाही," दारातून तिचा नवरा, रेव्हरंड लेम्युएल थॉर्न, म्हणाला.

"ठाऊक आहे. प्रुइट सांगून गेले ना."

प्रुइट म्हणजे चर्चचे पंच आणि गिरणीचे मालक. सकाळीच येऊन त्यांनी पाद्र्याला नियम ऐकवला होता. बाप्तिस्मा न झालेल्या मोठ्या माणसावर चर्चची अंत्यप्रार्थना म्हणायची नाही. आधीच्या पाद्र्याने दोन मेणबत्त्या जास्त लावल्या, तर ह्याच गृहस्थांनी बिशपला पत्र धाडून त्याला ओहायोबाहेर काढलं होतं.

कझायाची आई, म्हातारी बेथिया, जन्माची क्वेकर पंथाची. त्यांच्यात बाप्तिस्मा नाही, पाद्री नाही, गप्प बसणं हीच प्रार्थना. अकरा वर्षं तिने जावयाची पोरं वाढवली, चर्चचे पडदे शिवले. बाप्तिस्म्याचं निघालं की म्हणायची, "आंघोळ मी दर शनिवारी करते, लेम्युएल." तो स्वयंपाकघरात मोठ्याने प्रार्थना घोकू लागला की विचारायची, तुझ्या देवाला कमी ऐकू येतं का रे?

"त्या हॅस्केलवर म्हटलीत की सगळी प्रार्थना," कझाया म्हणाली. "दारू पिऊन बायकोचा हात मोडला होता त्याने."

"त्याचा बाप्तिस्मा झाला होता."

"हो, पाळण्यात. नंतर त्याने पाण्याला तोंड लावलं नाही. आणि माझ्या आईला कुत्र्यासारखं पुरायचं."

लेम्युएलने खिशातलं प्रार्थनापुस्तक काढून फळीवर ठेवलं. नियम लिहिणाऱ्यांना कुणाची सासू पुरायची नव्हती.

दुपारी चौघांनी पेटी खड्ड्यात सोडली. प्रुइट मुद्दाम आले होते, पहिल्या रांगेत. लेम्युएल काळ्या कोटात रिकाम्या हातांनी उभा होता.

मग कझाया बोलू लागली. अंत्यप्रार्थना, पहिल्या शब्दापासून. नवऱ्याचं इतक्या वर्षांचं घोकणं भाकरी भाजता भाजता तिच्यात मुरलं होतं. रडण्याचा सूर नव्हता, वाण्याशी भांडावं तसा आवाज होता. लोक सवयीने आमेन म्हणाले. प्रुइटांचाही हात टोपीकडे गेला, आणि मधेच थांबला.

प्रार्थनेत माती टाकायची जागा आली, तिथे ती अडखळली. मागची ओळ पुन्हा म्हणाली, तरी पुढची येईना. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याला ओळ येत होती. पण म्हणायची मुभा नव्हती. प्रुइट त्याच्या ओठांकडे बघत होते.

पुस्तकात त्या जागी बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, माती टाकणं हे पाद्र्याचं काम नाही, जवळ उभ्या असलेल्या कुणीही टाकावी.

लेम्युएल वाकला. त्याने एक मूठ टाकली. दुसरी टाकली. तिसरी पेटीच्या फळ्यांवर वाजली, तेव्हा कझायाला पुढची ओळ आठवली: मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ.