डावा बाक

निवृत्तीच्या निमित्तानं एर्सिलिओ स्वतःसाठी बंदूक करून घेतोय, हे कळलं तेव्हा आमच्या खोऱ्यात कुणालाच नवल वाटलं नाही. इथे दर दुसऱ्या घरातला माणूस नळ्या, चाप नाहीतर दस्ते करतो. जन्मभर परक्यांच्या बंदुका करून झाल्यावर एक तरी आपली, मनासारखी असावी असं प्रत्येकाला वाटतंच. फक्त ती बंदूक त्याला स्वतःसाठी नको होती, मुलासाठी हवी होती, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. आणि त्याला न विचारताच मी जे शहाणपण केलं, ते आता सांगतो.

मी दस्ते करतो. अक्रोडाचं लाकूड घ्यायचं आणि माणसाच्या खांद्याला, गालाला, हाताला बसेल असं कोरायचं. दस्ता मापानं शिवलेल्या कोटासारखा असतो, दुसऱ्याचा घातला की चिमटतो. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याला दस्ता किंचित उजवीकडे वाकवून द्यावा लागतो, डावखुऱ्याला डावीकडे. हा बाक असतो जेमतेम पाच मिलिमीटरचा, पण तेवढ्यानं डोळा नळीच्या रेषेत येतो किंवा येत नाही.

माझ्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड आहे. हाताची लांबी, गालाची उंची, बाक, आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं माझा शेरा. ‘श्वास रोखून पोट लपवतो.’ ‘डोळा मिटतो, कबूल करत नाही.’ एक कार्ड तर आमच्या पाद्रीबुवांचंही आहे, त्यावरचा शेरा मी बायकोलाही दाखवलेला नाही. माझ्या वडिलांपासून कारखान्याचा नियम असा, की गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐकायचं, मान डोलवायची आणि कार्डाप्रमाणे करायचं. मापाच्या बाबतीत माणसं खोटं बोलतात.

एर्सिलिओचं कार्ड वीस वर्षांपूर्वीचं. उजवा. शेरा: ‘चुकत नाही, आणि ते विसरूही देत नाही.’

एकेचाळीस वर्षं त्यानं नळ्या सरळ केल्या. नळी खिडकीकडे धरायची, आतल्या सावलीची कड कुठे मोडते ते बघायचं आणि हातोडीचा एकच ठोका घालायचा. यंत्रं आली तरी मालकांनी त्याला काढलं नाही. त्याचा डोळा घरीही सुट्टी घेत नसे. मुलगा इव्हानो डावखुरा निघाला, तर दहाव्या वर्षी हा त्याला माळावर घेऊन गेला आणि त्याचा डावा हात मफलरनं कमरेला बांधून उजव्यानं नेम धरायला लावला. मी तिथे होतो. “राहू दे रे,” म्हणालो. तर म्हणतो कसा, “बोर्तोलो, वाकडं कोवळं असतानाच सरळ होतं.” पोराचे सगळे नेम हुकले. पुढे शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्या शिकाऱ्यांसमोर हुकले, आणि सगळ्यांत मोठ्यानं त्याचा बापच हसला.

इव्हानो दूर तोरिनो शहरात गेला, ट्राम चालवू लागला. अकरा वर्षांत बापलेकांत सणाचं पत्रसुद्धा नाही. आई गेली तेव्हा आला, देवळात मागच्या बाकावर बसला आणि कॉफीही न घेता परतला.

गेल्या वसंतात एर्सिलिओ माझ्याकडे आला. दुनळी हवी होती. नळ्या त्यानं स्वतः सरळ केलेल्या, कामावरची शेवटची जोडी. घडीचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, “मापं लिहून आणलीत.”

“तुझी मापं आहेत माझ्याकडे.”

“ही घे.”

“एवढी घाई कसली? लग्न ठरलंय का?”

“रिटायर होतोय. या वयात माणूस स्वतःला काही देऊ शकत नाही का?”

“दे की. कोरीवकामात काय घालू? तुझा फोटो?”

“काही नको. दस्ता तेवढा नीट कर,” म्हणाला आणि गेला. एरवी तो माझ्याकडे आला की तासभर हलत नसे.

तो गेल्यावर कागद उघडला. लांबी दोन सेंटिमीटर जास्त. बाक: डावीकडे.

मी हसलो. बायकोला हाक मारली, “तेरेसिना, ये बघ! म्हातारपणात एर्सिलिओचा हात वाढला आणि खांदा बदलला!” ती हसली नाही. म्हणाली, “विचारा त्याला. बायको गेल्यापासून बिचारा भ्रमिष्टासारखा वागतो. परवा बेकरीत पाव घेतला आणि तिथेच विसरून गेला.”

तिथेच मी ठरवलं की विचारायचं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या माणसाला, डावंउजवं विसरलास, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? झाकून टाकू, त्याला कळणारही नाही. मनाचा मोठेपणाच तो. खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटत होती. एर्सिलिओची चूक मी दुरुस्त करतोय, असं पहिल्यांदाच घडत होतं. कागद सरस वितळवायच्या शेगडीत घातला आणि जुन्या कार्डावरून दस्ता कोरला. माझ्या हातून त्याहून चांगला दस्ता झालेला नाही.

न्यायला आला तेव्हा त्यानं पेटी उघडलीच नाही.

“अरे, बघ तरी!”

“तू केलंस ना? मग बघायचं काय? रविवारी जेवायला या दोघं. इव्हानो येतोय.” एवढं म्हणून तो लहान मुलासारखा लाजला. “मी पत्र लिहिलं होतं. होय म्हणालाय.”

रविवारी अंगणात सकाळपासून सळयांवर मांस फिरत होतं, मक्याच्या पिठाचं पोलेंता ढवळण्याचं काम तेरेसिनानं हिसकावून घेतलं होतं. इव्हानो अकराच्या बसनं आला. कानशिलं पिकलेली, बापासारखाच भुवया आक्रसणारा. म्हणाला, “बोर्तोलोकाका, अजून भुसाच खाता वाटतं? खोकला तोच आहे.” सगळे हसले. एर्सिलिओ जरा जास्तच हसला. त्याला चैन नव्हती. पहिला पेला रिकामा होण्याआधीच त्यानं पेटी आणून टेबलावर ठेवली.

“हे काय?” इव्हानोनं विचारलं.

“निवृत्तीची बंदूक. पण माझी नाही. उघड. खांद्याला लाव.” मग खाली बघत म्हणाला, “तुझ्या खांद्याला. डाव्या.”

माझ्या हातातला पेला तिथेच थांबला.

इव्हानोनं हळूच नळ्या बसवल्या. बापाकडे एकदा पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. दहा वर्षांचं पोर होतं त्यात. मग डाव्या खांद्याला लावली. गाल लाकडावर टेकवला. अंगठा नाकाला भिडला. मान वाकडी केली, पुन्हा सरळ केली, पुन्हा वाकडी केली. मग बंदूक खाली घेतली आणि बोटानं दस्त्याच्या कडेवरून बाक चाचपला. दस्तेवाल्यांच्या गावातलं पोर, त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

“ही तुमच्या मापाची आहे, बाबा.”

“नाही रे. तुझा शिकारीचा कोट अजून आहे खुंटीवर. त्याच्या बाहीवरून मी...” एर्सिलिओनं बंदूक घेतली, उजव्या खांद्याला लावली. ती जागच्या जागी बसली. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“चूक माझी,” मी म्हणालो. “कागदावर डावंच लिहिलं होतं. मी बदललं.”

“कुठाय कागद?” इव्हानो म्हणाला.

“जाळला.”

“काका, तुम्ही चांगले आहात. पण सगळं गाव जन्मभर यांनाच सांभाळून घेत आलंय. आता नका घेऊ.”

“अरे, देवाशपथ...”

“बोर्तोलो, गप्प बस,” एर्सिलिओ म्हणाला. मग बंदूक पेटीत ठेवत, “पोलेंता गार होतंय.”

इव्हानो जेवला. ताट स्वच्छ केलं, तेरेसिनाचं कौतुक केलं आणि चारच्या बसनं गेला. निघताना बापाशी हात मिळवला. उजवा हात पुढे केला होता त्यानं.

दुसऱ्या दिवशी मी एर्सिलिओच्या दारात. “दस्ता गरम तेलानं वाकवता येतो. मागे तुकडा जोडून लांबीही वाढवतो. आठ दिवस दे. मी स्वतः घेऊन जातो तोरिनोला.”

तो भांडी घासत होता. “आता वाकवलंस तर तो म्हणेल, मी बोललो म्हणून केलं. आधी केलेलं ते वेगळं, नंतरचं वेगळं.”

“पण तू आधीच सांगितलं होतंस!”

“ते तुला माहीत आहे.”

मी इव्हानोला दोन पत्रं लिहिली. दुसऱ्याचं उत्तर आलं: ‘काका, बंदूक मिळाली नाही याचं दुःख नाही मला. क्षणभर खरं वाटलं होतं, त्याचं आहे.’ हे पत्र मी एर्सिलिओला दाखवलेलं नाही.

नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला. एका सकाळी एर्सिलिओ माझ्या कारखान्यात शिरला आणि लांब चोचीचे दोन पक्षी बाकावर ठेवले. पिसं अजून ओली होती.

“दोन बार, दोन पक्षी,” म्हणाला. “फार छान बसते रे. खांद्याला लावलेली कळतही नाही.”

हे टोमण्यासारखं म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्यानं ते मनापासून, माझ्या कामाची दाद म्हणून म्हटलं, आणि टोपी घालून निघून गेला.