दुमड

चंदेरी फॉइलच्या अस्तराची कड त्याने आत दुमडली, अंगठ्याने दाबली आणि मग थर्माकोलच्या खोक्याचं झाकण बसवलं.

"मामा, परत तेच?" सुपरवायझर मागेच उभा होता.

"हो, तेच."

"काल तुमच्यासमोर दोन खोकी भरून ठेवली. एक दुमडीचं, एक बिनदुमडीचं. आज दोन्हींत गारवा सारखाच. थर्मामीटर तुम्हीच वाचलात ना?"

"वाचला. सारखाच होता."

"मग?"

सुती हातमोजे वर ओढून मामाने पुढचं खोकं जवळ घेतलं. मध्ये इंजेक्शनच्या बाटल्या, भोवती बर्फाच्या पिशव्या, त्यावर अस्तर. दुमड बायकोची. ती याच टेबलापाशी त्याच्या शेजारी उभी असायची. तिने शिकवली, तो शिकला. कशासाठी, ते विचारायचं राहून गेलं. ती गेल्यापासून तिच्या जागेवर टेपची रिळं ठेवतात.

"साहेब, नाद सोडा," पलीकडच्या टेबलावरून मावशी म्हणाली. "ती होती तेव्हा हा माणूस तिचं एक अक्षर ऐकत नव्हता. आता ऐकतोय, तर ऐकू द्या."

मामालाही हसू आलं. सुपरवायझरला आलं नाही.

"प्रत्येक खोक्यामागे वेळ जातो, मामा. वरचे मला धारेवर धरतात. उद्या दुमड दिसली, तर तुमची रवानगी माल चढवायला."

"मग उचलून न्या. स्वतःच्या पायांनी जाणार नाही. आणि या टेबलावर आहे तोवर दुमडणार."

"हा नुसता हट्ट आहे."

"हट्टच आहे. दुसरं काही म्हटलं का मी?"

सुपरवायझरने खोकं स्वतःकडे ओढलं. झाकण काढलं, दुमड उलगडली आणि अस्तराची कड झटक्यात सरळ केली.

"हे असं ठेवायचं. एवढंच तर..."

तो थांबला. बोट तोंडात घातलं. अस्तरावर रक्ताचा थेंब पडला होता.

"दाखवा," मामा म्हणाला.

बोटावर बारीक, सरळ चीर होती. मामा ती बघतच राहिला. असेच पांढरे वण बायकोच्या बोटांवर होते. लग्नाआधी ती एका दवाखान्यात होती, आलेली औषधांची खोकी उघडायच्या कामावर. ते वण सुरीचे असतील, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

"काय झालं, मामा?"

"काही नाही. रुमाल बांधा."

त्याने रक्ताचं अस्तर काढून टाकलं, नवं घातलं. मग हातमोजे काढले आणि उघडं बोट त्या कडेवरून हळूच फिरवलं. कड आत दुमडली. अंगठ्याने दाबली.

सुपरवायझर बोट धरून उभाच होता.

"आणि साहेब," मामा वर न बघता म्हणाला, "ही टेपची रिळं इथून उचलायला सांगा."