टण म्हणजे थांब

तलवारीकडे बघू नका, खांद्याकडे बघा.

लिफ्टच्या दारावर चिकटवलेला कागद: 'बंद आहे'. त्याचा एक कोपरा सुटला आहे.

गोड चहा वाळला की त्याचा गोंद होतो.

एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

ड्रॉवरला आतून मूठ नसते.

मित्रांनो, या तुकड्यांचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. हे सगळे एकाच सोफ्याच्या आसपास घडले. मी एक जुना कंट्रोलर आहे, व्हिडिओ गेम खेळायचा. मला दोन मुठी आहेत, अंगठ्यांखाली फिरणाऱ्या दोन दांड्या आहेत, डोक्यावर बटणे आहेत, आणि पोटात एक लहानशी मोटर आहे. खेळात मार बसला की ती थरथरते. थरथर ही माझी मातृभाषाच म्हणा ना. म्हणून दुसऱ्या कुणाची थरथर मला लगेच कळते.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझे प्रत्येक बटण दाबून पाहिले आणि मला खोक्यात घातले. तिथून मी दुकानाच्या काचेत आलो. चष्म्यांच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीने पहिल्या पगारात मला घरी नेले. "हा माझा उजवा हात," असे ती मैत्रिणींना सांगे. तेव्हा मला आभाळ ठेंगणे झाले होते.

आमचा आवडता खेळ एका सामुराईचा होता. फार कठीण खेळ. पहिल्याच पुलावर एक भालेकरी उभा असे. तो भल्याभल्यांना पाणी पाजी.

(दम राखा. दम संपला की तलवार काठीसारखी होते.)

एकदा माझ्यावर चहा सांडला. वार अडवण्याचे माझे डावे बटण तेव्हापासून चिकटू लागले. जोरात दाबले की ते आतच बसे. बॅटरीही थकली, म्हणून मला कायम वायरीने बांधून ठेवावे लागे. मग घरात एक पांढराशुभ्र नवा कंट्रोलर आला आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. तिथे मेलेले सेल होते, आणि ज्यांची कुलुपे हरवली आहेत अशा किल्ल्या होत्या. अंधारात आम्ही एकमेकांना टेकून पडलेलो असू. सुरुवातीला ड्रॉवर उघडला की वाटे, आपल्यासाठीच. पुढे पुढे तसे वाटणेही थांबले.

एका दुपारी ड्रॉवर उघडला आणि त्याच मुलीने मला उचलून आपल्या आईच्या हातात दिले.

"हा कशाला? तो पांढरा दे की."

"तो आपटलास म्हणजे? शिकायला हाच बरा."

आई बस चालवत असे. सगळा डेपो तिला ड्रायव्हरबाई म्हणे. काही महिन्यांपूर्वी कंडक्टरने दोन घंट्या दिल्या, तिने थांब्यावरून बस काढली, आणि मागून एक मोटरसायकल बसच्या पुढ्यात घुसली. तिला वाचवायला बाईंनी स्टिअरिंग फिरवले. बस खांबावर गेली. दुसऱ्या कुणाला खरचटलेही नाही. बाईंचा पाय मोडला. आता प्लास्टर निघाले होते आणि पाय बरा आहे असे डॉक्टर म्हणत होते. पण बाई दारापर्यंत जायच्या आणि परत सोफ्यावर येऊन बसायच्या. "लिफ्ट बंद आहे ना," म्हणायच्या, "चौथा मजला उतरायचा म्हणजे चेष्टा आहे?"

लिफ्ट सोफ्यामागच्या भिंतीपलीकडेच होती. ती चालू असली की सोफा हलकासा थरथरे.

मित्रांनो, मी पुष्कळ हात पाहिले आहेत, पण इतके घट्ट धरणारे हात पाहिले नव्हते. बाई अडवण्याचे बटण दाबत आणि दाबूनच ठेवत. बटण चिकटून बसे. पडद्यावरचा सामुराई तलवार आडवी धरून ताटकळे, आणि भालेकरी त्याचा दम खाऊन टाकी.

"आई, अगं ब्रेकवर पाय ठेवून बस चालवतेस का तू? ती हिरवी पट्टी बघ. तो तुझा दम आहे. वार आला की दाब, लगेच सोड. नुसतं टिचकी मारल्यासारखं."

"आणि तो आलाच नाही तर?"

"मग थांब. त्याचा खांदा वर गेला की समजायचं, आता येतोय."

दुसरी खोड याहून मोठी होती. दर क्षणाला बाईंचा उजवा अंगठा दांडी फिरवी आणि सामुराई मागे वळून बघे. तेवढ्यात समोरून भाला येई.

"समोर बघ ना! मागे कोण आहे?"

"मागूनच तर येतात," बाई म्हणाल्या.

ते खोटे नव्हते. भालेकरी अर्धमेला झाला की मागच्या झाडावरून एक बाण येई. कधी येईल त्याचा नेम नसे. मागे बघत राहिले तर भाला, पुढे बघत राहिले तर बाण. या एका बाणापायी लेकीलाही तो पूल कधी ओलांडता आला नव्हता.

(एक वार करा, फार तर दोन. तिसऱ्याचा मोह धरणारे सगळे त्या पुलाखाली आहेत.)

त्या दिवसांत आम्ही तिघे अडकलो होतो. सामुराई पुलावर, मी वायरीला, बाई सोफ्याला. सामुराई मेला की दगडी दिव्याजवळ उठून पुन्हा चालू लागे. बाईंना तेवढी सोय नव्हती. शुक्रवारी डेपोत त्यांची चाचणी होती. स्टिअरिंगवर बसून बस फिरवून दाखवायची, नाहीतर कायमचे सामानाच्या कोठीत काम. वीस वर्षे रस्त्यावर काढलेल्या बाईला खिडकी नसलेली कोठी! मला माझा ड्रॉवर आठवला.

आणि गुरुवारी दुपारी कंडक्टर आले. धापा टाकत, घामाघूम होऊन.

"काय हो बाई, तुमची लिफ्ट! कागद बघितला आणि जिनाच धरला. माझ्या गुडघ्यांनी वाटेत दोनदा राजीनामा दिला."

"बसा मास्तर. पाणी घ्या."

"उद्याचं काय?"

"बघू."

"बघू म्हणजे नाही. ओळखतो मी तुम्हाला."

बाईंनी मला उचलले आणि खेळ सुरू केला. माणसाला बोलायचे नसले की तो हातांना काम देतो. कंडक्टर शेजारी बसून बघत राहिले. सामुराई मागे वळला आणि मेला. पुन्हा वळला, पुन्हा मेला.

"त्या दिवशीची घंटी माझी होती, बाई," कंडक्टर पडद्याकडे बघतच म्हणाले. "मोटरसायकल दिसली नाही मला."

"आरसा माझ्याकडे होता. मला तरी कुठे दिसली?"

पडद्यावर सामुराई पुन्हा मेला. मग कंडक्टर पलीकडे बसलेल्या लेकीकडे वळले. "पोरी, ते ढोल बंद कर जरा."

"ते खेळातलं संगीत आहे, काका."

"असू दे. भरल्या बसमध्ये मागच्या सीटखाली नाणं पडलं तरी ऐकू येतं मला. बाई, मागचं माझ्यावर सोडा. तुम्ही समोर बघा."

लेकीने संगीत बंद केले. पुलाखालचे पाणी पहिल्यांदाच ऐकू आले.

भालेकऱ्याचा खांदा वर गेला. बाईंनी टिचकी मारली, बटण खाली जाऊन लगेच वर आले, चिकटले नाही. भाला बाजूला उडाला. एक वार, दुसरा वार, आणि बाई मागे सरकल्या.

"औषध!" लेक ओरडली. "आता लांब आहे तो, आता पी, जखमा भरतील!"

पुन्हा खांदा, पुन्हा टिचकी. भालेकरी डगमगला. बाईंचा उजवा अंगठा मागे बघायच्या दांडीवर आला. मला तो थरथरताना कळला. दांडी फिरणार, एवढ्यात तो थांबला. आणि मित्रांनो, तो अंगठा दांडीवरून उचलला गेला. मी इतका हलका कधीच झालो नव्हतो.

मागे कुठेतरी दोरी ताणल्याचा करकर आवाज झाला. मला तो ऐकूही आला नाही, नंतर कंडक्टरनी सांगितले तेव्हा कळले.

"टण!" कंडक्टर ओरडले.

बाईंनी मागे पाहिले नाही. वीस वर्षांच्या सवयीने त्या जागच्या जागी थांबल्या आणि एक पाऊल बाजूला झाल्या. बाण कानाजवळून गेला आणि थेट भालेकऱ्याच्या छातीत घुसला.

"टण टण!"

बाई पुढे गेल्या.

पूल मोकळा झाला. पलीकडे नुसता रस्ता होता, गवत होते, फारसे काही नव्हते. लेक सोफ्यावर उभी राहून नाचत होती. बाईंनी मला मांडीवर ठेवले आणि विचारले, "माझी चप्पल कुठे टाकलीस गं?"

त्या जिन्याने उतरल्या. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला लेक, आणि एक जिना मागे कंडक्टर.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला हातात घेतले तेव्हा तळव्यांना स्टिअरिंगचा रबरी वास होता. त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि माझ्या डाव्या बटणाभोवतीचा जुना चहा कण कण करून काढला. इतकी वर्षे कुणाला ते सुचले नव्हते.

मित्रांनो, हरलात म्हणून आम्हाला भिंतीवर आपटू नका. चहा लांब ठेवा. खेळ झाला की कोरड्या फडक्याने पुसा. एखादे बटण अडकले तर आम्हाला ड्रॉवरमध्ये टाकण्याआधी एकदा बघा, ते कशाने अडकले आहे. आणि घरात कुणी फार दिवस एकाच जागी बसून असेल, तर त्याला शिकवायला जाऊ नका. शेजारी बसा आणि ढोल बंद करा.

कंडक्टर आले त्याच्या आदल्या आठवड्यातच लिफ्ट दुरुस्त झाली होती. कागद तेवढा काढायचा राहिला होता. सोफा रोज थरथरत होता, आणि बाई भिंतीला पाठ टेकूनच बसत होत्या.