झेबुलनचं मटकं

मंगळवारी समुद्रात होडी घालायची नाही, हा घानाच्या त्या किनाऱ्यावरचा जुना नेम. समुद्रालाही एक दिवस विसावा हवा. त्यामुळे मंगळवारी सगळा कोळीवाडा रिकामा असे, आणि रिकाम्या माणसांची गर्दी कशी जमवायची हे स्वतःला देवाचा प्रेषित म्हणवणाऱ्या प्रॉफेट झेबुलनला बरोबर ठाऊक होतं. मानसिक आजारांच्या सरकारी इस्पितळाच्या अगदी फाटकासमोर, रस्ता ओलांडला की त्याचा पत्र्याचा मांडव लागे.

"बघा! बघा त्याची मान!" मांडवात एकच गलका झाला.

जाळी विणणारा क्वामेना चौथऱ्यावर उभा होता. मान पिळल्यासारखी खांद्याकडे वळलेली, बुबुळं कपाळात चढलेली, जीभ बाहेर. बायकांनी पोरांच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि स्वतः मात्र डोळे फाडून पाहिलं.

"सैतान वाट शोधतोय!" झेबुलन भोंग्यातून गरजला. "समोर ते इस्पितळ आहे ना, ते कोणी बांधलं? गोऱ्याने! गोळ्या कुणाच्या? गोऱ्याच्या! मला सांगा, आपल्या भुताला इंग्रजी येतं का?"

गर्दी खो-खो हसली. झेबुलनने निळ्या बाटलीतलं पवित्र पाणी क्वामेनाच्या घशात ओतलं आणि ढोलवाल्यांना खूण केली. गाणी सुरू झाली. एक संपलं, दुसरं संपलं, चौथं रंगात आलं तेव्हा कुठे क्वामेनाची मान हळूहळू सरळ झाली. लोकांनी मांडव डोक्यावर घेतला.

मागच्या खांबाजवळ उभी असलेली अराबा तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती गावच्या शाळेत गणित शिकवायची. तिचा धाकटा भाऊ एको इथेच, मांडवामागच्या कडुनिंबाला इतर रुग्णांसोबत पायात साखळी घालून बांधलेला होता आणि ती त्याला न्यायला आली होती. पण क्वामेनाची मान पाहून ती खांबाशीच थांबली होती. ही मान तिने पूर्वी पाहिली होती. पाहिली कसली, भोगली होती.

नऊ वर्षांपूर्वी अराबाला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू यायची. आईने गावात सांगितलं, पोरगी कुमासीला मामाकडे शिकायला गेलीये. पोरगी होती रस्त्यापलीकडच्या इस्पितळात. पहिल्याच आठवड्यात औषधाने तिची मान अशीच वळली, डोळे असेच वर चढले. नर्स आर्हिनने एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, "घाबरू नकोस गं, हा औषधाचा खोडसाळपणा आहे. त्याचा उतारा आहे आमच्याकडे." चहा निवेपर्यंत मान सुटली. तेव्हापासून ती रोज गोळी घेत होती, चोरून, उशीखाली पुडी दडवून, कारण गावात कळलं असतं तर पोरांना तिच्या वर्गात कोणी बसवलं नसतं.

"आता पुढचा!" झेबुलन ओरडला, आणि दोघांनी एकोला साखळीसकट चौथऱ्यावर आणलं.

एकोची मान वळलेली होती. क्वामेनापेक्षा जास्त. घशातून घरघर येत होती, लाळ छातीवर गळत होती.

"आधी देवाचं दान!" झेबुलनने टोपली फिरवायला दिली. "दान जमेल तसा सैतान सैल पडेल!"

अराबाने पुढच्या रांगेत आईला गाठलं. एफुआबाई मासे धुरावर सुकवायच्या धंद्यातली, हाताला कायमचा धुराचा वास, आणि ते हात आत्ता जोडलेले.

"आई, त्याला श्वास घेता येत नाहीये! याने त्याला काय खायला घातलंय?"

"हळू बोल. रोज संध्याकाळची बाजरीची पेज, बाकी उपास. आज निघणार आहे भूत."

"आणि त्याच्या इस्पितळाच्या गोळ्या?"

"वेदीवरच्या मटक्यात टाकल्या, सगळे टाकतात तशा." आईने मान फिरवली. "जन्मभर गोळ्याच खायच्या का त्याने? तुझ्यासारखं लपवत?"

झेबुलनच्या मांडवाचा तो पहिला नियम होता. रुग्णाच्या गोळ्या लाल फडक्याने बांधलेल्या मटक्यात टाकायच्या, तरच देव हात लावतो. ईस्टरला ते मटकं होडीतून नेऊन खोल समुद्रात बुडवायचं.

गोळ्या मटक्यात, उपास, आणि पेज. अराबा गणिताची बाई होती. तिच्या डोक्यात बेरीज झाली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती सरळ चौथऱ्यावर चढली.

"हे भूत नाही! हे औषध आहे! याला इस्पितळात न्या!"

"ही कोण?" झेबुलन हसला. "मास्तरीणबाई, आकडे शिकवा. भुतांतलं तुम्हाला काय कळतं?"

क्षणभर तिला आईचे डोळे दिसले. नको, नको, म्हणत होते. आणि मग एकोची घरघर पुन्हा ऐकू आली.

"मला कळतं," अराबा भोंग्याची गरज नसलेल्या आवाजात म्हणाली. "कारण मी त्या इस्पितळात होते. कुमासीला नव्हते, तिथे होते. माझीही मान अशीच वळली होती आणि एका सुईने सरळ झाली. मी आजही रोज गोळी खाते. त्याच डोक्याने तुमच्या पोरांना पाढे शिकवते!"

मांडवातली सगळी डोकी तिच्याकडे वळली. मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

"वेडी! ऐकलंत? वेडी बोलतेय!" झेबुलनला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "गोऱ्याच्या गोळ्यांनी हिचं डोकं—"

"गोळ्या गोऱ्याच्या, आणि तुझा भोंगा काय तुझ्या आजीने केला?" अराबाने त्याचं वाक्य तोडलं. "रस्ता ओलांडायला कितीसा वेळ लागतो? तिथला नर्स ना गाणं म्हणणार ना ढोल बडवणार. त्याच्या सुईने मान सरळ झाली तर भूत कुणाचं ऐकतं ते सगळ्यांना दिसेल. नाही झाली तर मला याच साखळीने याच झाडाला बांधा!"

कोळ्यांचा प्रमुख नाना एसुमान उठला. म्हातारा कमी बोलायचा.

"बोलणं रास्त आहे," तो म्हणाला. "होडी चांगली की भोकाची, हे वाळूवर भांडून कळत नाही. पाण्यात घालायची. साखळीची चावी दे, झेबुलन."

"नाना, देवाची परीक्षा घेऊ नये—"

"देवाची कोण घेतोय? तुझी घेतोय. चावी."

सगळा मांडव रस्ता ओलांडून फाटकाशी गेला. गोऱ्या साहेबाने वेड्यांना डांबायला बांधलेली ती उंच भिंत. साहेब गेला, भिंत राहिली, आणि तिच्याकडे पाहून थुंकायची गावाची सवयही राहिली. नर्स आर्हिन बाहेर आला. त्याने एकोला एकदा पाहिलं आणि पळत जाऊन सुई आणली.

कुणी गायलं नाही. एफुआबाई पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसली. लोक कुजबुजत होते, झेबुलन मोठमोठ्याने प्रार्थना करत होता. थोड्या वेळाने एकोची घरघर थांबली. बुबुळं खाली आली. मान, जणू कुणी दोरी सोडली, तशी सरळ झाली.

"आई," तो म्हणाला, "भूक लागलीये गं."

"माझ्या प्रार्थनेने!" झेबुलन लगेच ओरडला. "ऐकलीत ना माझी प्रार्थना?"

"अरे, हा आवाज ओळखीचा आहे," आर्हिन त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाला. "तू आमच्याकडे वॉर्डात जेवणाची गाडी ढकलायचास ना? मान कशाने वळते आणि कशाने सुटते, ते इथेच पाहिलंस तू."

"मटकं उघडा," अराबा म्हणाली.

"पवित्र मटकं आहे! हात लावाल तर हात झडेल!"

"माझा झडू दे." ती मांडवात परत गेली, गर्दी मागोमाग. तिने लाल फडकं ओढलं आणि मटकं उपडं केलं. खळकन वाळूतले खडे पडले. एकही गोळी नाही.

नाना एसुमानने वाकून एक खडा उचलला. "गेल्या ईस्टरला हे मटकं मी माझ्या हाताने बुडवलं," तो म्हणाला. "खडे बुडवले मी."

मग एकोला आर्हिनच्या हवाली करून आलेली एफुआबाई मांडवामागच्या चुलीकडे गेली. तिथून तिने मातीचं वाटायचं भांडं आणलं, खरबरीत रेघांचं, तसं तिकडे घरोघरी असतं.

"मिरची वाटली तर रेघांत लाल राहतं," ती सगळ्यांना दाखवत म्हणाली. "चाळीस वर्षं वाटतेय मी. हे पांढरं काय आहे रे, देवाच्या माणसा?"

आता सगळं उघड होतं. इस्पितळ रुग्णाला दोन गोळ्या जोडीने देतं, एक डोकं शांत करणारी, दुसरी मान वळू न देणारी. आयाबाया दोन्ही मटक्यात टाकत. झेबुलन पहिल्या गोळ्या वाटून पेजेत घालायचा, कुणाच्या कुणाला, किती त्याचा हिशेब नाही. त्याने आरडाओरडा करणारे शांत व्हायचे, हा एक चमत्कार. काहींची मान वळायची, हा दुसरा. दुसऱ्या गोळ्या निळ्या बाटलीच्या पाण्यात, आणि चार गाणी कशासाठी, तर पोटात गेलेल्या औषधाला चढायला वेळ लागतो म्हणून.

झेबुलन मागच्या कनातीतून पळत होता. कोळ्यांच्या बायकांनी त्याला जाळ्यातल्या माशासारखा धरून आणला आणि पोलीस येईपर्यंत त्याच कडुनिंबाखाली बसवला. साखळी घालायची काहींची फार इच्छा होती. अराबाने घालू दिली नाही.

"माणसाला साखळी नाही," ती म्हणाली. "याला पण नाही." झाडाखालच्या बाकीच्या सगळ्यांच्या साखळ्या तेवढ्या नानाने स्वतः सोडवल्या.

गर्दीतून एक बाई म्हणालीच, "पण मग आमच्या पोरांना वेडी शिकवणार का?"

"हो," अराबा म्हणाली. "आणि पहिला धडा हाच. देवाची प्रार्थना करा, माझी ना नाही. पण झाकलेलं मटकं दिसलं की आधी फडकं काढून आत बघा. प्रश्न विचारल्याने खऱ्याचं काही बिघडत नाही. आजार लपवू नका. लपवलेल्या आजारावरच असले झेबुलन पोसतात."

बुधवारी सकाळी शाळेत अराबाच्या वर्गात निम्मे बाक रिकामे होते. तिने गोळीची पुडी काढून टेबलावर ठेवली, सगळ्या पोरांसमोर. पेल्यात पाणी ओतणार, तेवढ्यात दारातून धुराचा वास आला. एफुआबाई उभी होती, डोक्यावर माशांची पाटी, आणि तिच्या मागे तिने कुठून कुठून हाताला धरून आणलेली आठ-दहा पोरं.

"आत जा, बसा," तिने पोरांना दटावलं. मग शाळेच्या कुंपणाशी उभ्या आयांना ऐकू जाईल अशा बाजारातल्या आवाजात ती म्हणाली, "अराबा, गोळी घेतलीस का गं?"

"घेते, आई," अराबा म्हणाली, आणि सगळ्यांच्या देखत गोळी घेतली.